शेळीला हात लावायचा नाही

आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भिवंडीला आमच्याकडे आली तेव्हा मी पाचवीत होते. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वज्रेश्वरीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावात ती राहायची. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे नात्यातल्या आणि गावातल्या ज्याला म्हणून काही दुखायचं तो आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला यायचा आणि औषध घेऊन परत जायचा. आत्याचा मुक्काम मात्र चांगला लांबला. त्या दिवसांत तिनं मला वाघ-शेळ्यांचा खेळ शिकवला. तो खेळ पुढे आमच्या सगळ्या चाळीनं खेळला. पण त्याचा एक नियम खरोखर नियम होता की आणखी काही, हे मला आजही सांगता येत नाही.

आमची चाळ यंत्रमागांच्या शेडला लागून होती. लूमची खटखट दिवसभर चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही. वीज गेली की मात्र सगळे एकदम मोठ्यानं बोलताहेत असं वाटायचं. आम्हा पोरांची निम्मी खेळणी त्या शेडमधूनच आलेली. सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या फुटल्या की बाहेर फेकल्या जायच्या. मुलगे त्यांना खिळा ठोकून भोवरे करायचे, दोन कांड्या तारेनं जोडून गाडी करायचे. मुली त्यांना चिंध्या नेसवून बाहुल्या करायच्या. वाया गेलेल्या सुताच्या गुंत्याचा चेंडू व्हायचा आणि फुटक्या कौलांची लगोरी. विकत आणलेलं खेळणं म्हणजे जत्रेतली पिपाणी, ती दुसऱ्या दिवशी बंद पडायची.

आत्याला दिवसभर काही काम नव्हतं आणि तिला त्याची सवय नव्हती. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली गेली होती. आईनं तिला तांदूळ निवडायला दिले तर खडे तसेच राहिले आणि जेवताना वडिलांचा दात दुखावला. मग आईनं तेही काढून घेतलं. एका दुपारी मी शाळेतून आले तर आत्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर कोळशानं रेघा ओढत बसली होती. वर एक टोक, टोकापासून खाली पसरत गेलेल्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. डोंगराचं चित्र मुलं काढतात तसं काहीतरी.

"चिंचोके हायेत का घरात?" तिनं विचारलं.

चिंचोके होते. त्या शेळ्या झाल्या. वाघ तीन लागतात म्हणाली, म्हणून मी कांडीचे तीन तुकडे आणले. वाघ टोकाजवळ बसतात. शेळ्या एकेक करून पटावर यायच्या. वाघ शेळीवरून उडी मारून गेला की शेळी मेली. शेळ्यांनी सगळे वाघ कोंडले, त्यांना हलायला जागा उरली नाही, की शेळ्या जिंकल्या. एवढं मला लगेच कळलं.

"वाघ तुझे, शेळ्या माझ्या," आत्या म्हणाली. मी चिंचोक्यांचा ढीग तिच्या पुढ्यात सरकवला. तिनं तो परत माझ्याकडे सरकवला, तोही पदराच्या टोकानं.

"तूच ठेव. मी सांगते तिथं."

"तू का नाही ठेवत?"

"शेळीवाल्यानं हात लावायचा नसतो."

हा नियम मला मुळीच विचित्र वाटला नाही. लंगडीत दुसरा पाय टेकायचा नसतो, कबड्डीत श्वास सोडायचा नसतो. तसं हे. आत्या मांडीवर हात ठेवून ताठ बसली आणि बोलू लागली, "वेशीवर ठेव." वेस कुठली ते मला माहीत नव्हतं. तेव्हा तिनं हनुवटीनं दाखवलं. मग मला कळलं की पटावरच्या प्रत्येक फाट्याला तिच्याकडे नाव होतं. वरचं टोक म्हणजे डोंगर. त्याखाली आंबा, खळं, पाणवठा, भुताचा दगड, पाटलाचा गोठा. खालची रांग सगळी शेतांची, कुणाकुणाची. अख्खं गाव तिथं होतं. ज्या डोळ्यांना तांदळातला खडा दिसत नव्हता त्या डोळ्यांनी तिला पट कितपत दिसत असेल कोण जाणे, पण ती फरशीकडे बघायचीच नाही. समोरच्या शेडच्या पत्र्याकडे बघत बोलायची, "आंब्यावरली पाणवठ्यावर आण. आता तुझा वाघ कुठं जाईल?" आणि माझा वाघ खरंच कुठंच जाऊ शकायचा नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी आली, वाकायचं नाही, हलायचं नाही. तरी खेळ थांबला नाही. आत्या खाटेवर पडून छताकडे तोंड करून चाली सांगायची, मी खाली बसून दोघींच्या सोंगट्या हलवायची. आई येता-जाता बघायची. एकदा म्हणाली, "दिसत नाही ना बिचारीला, म्हणून सांगते." मी म्हटलं, पट्टीच्या आधीपासून ती असंच खेळते. आई म्हणाली, "आधीही कुठं दिसत होतं?" ते मला पटलं. मग वाटलं, पण ती तर नियम आहे म्हणाली होती. दिसत नाही म्हणून नियम, की नियम आहे म्हणून दिसण्याची गरज नाही? मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तुझी पाळी हाय, वाघ हलव."

शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण राहायची. तिचे अब्बा लूमवर, आठवड्यानं शिफ्ट बदलायची. अब्बांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे आणि ती आवाज नको म्हणून आमच्या गॅलरीत यायची. मी तिला खेळ शिकवला आणि अर्थातच नियमही शिकवला.

तिला तो लगेच खटकला. "ऐसा कैसा? वाघवाला दोनो का हलवेल, तर चोरी नाही करणार?"

मी आत जाऊन आत्याला विचारलं. आत्या खाटेवरून म्हणाली, "करंल तर करंल. आपल्या ध्यानात असलं म्हंजे झालं."

मैत्रिणीला हे उत्तर फार आवडलं. ती लगेच म्हणाली, मी शेळ्या. काही दिवसांतच ती माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. तिला माझ्या गावाचं पाटील-खळं काही माहीत नव्हतं, म्हणून तिनं नावं बदलली. डोंगर राहिला; पण वेशीचा नाका झाला, गोठ्याचा कारखाना झाला, पाणवठ्याचा नळ. खालच्या कोपऱ्याला ती खाडीकाठच्या गावावरून कशेळी म्हणायची, कारण तिथली शेळी "खाडी में गई" म्हणजे वाचतच नाही. मी कधी जुनी नावं घ्यायची, कधी नवी. मग दोघींची भांडणं व्हायची की "नाक्यावर" म्हणजे नेमकं कुठं. चाळीतली बाकीची पोरंही शिकली. दुपारी गॅलरीभर कोळशाचे डोंगर आणि प्रत्येक डोंगरापाशी एक जण हात मागे बांधून बसलेला. हात मागे बांधायचे ही आमची भर. मांडीवर ठेवले तर चुकून पुढे जातात.

असंच एकदा वडील दुपारीच घरी आले. सायकल खाली लावून जिना चढून वर आले आणि गॅलरीत थांबले. मी शेळ्यांकडून होते. हात मागे, आणि सांगत होते, "ती नाक्यावरची उचल, नळावर ठेव." मैत्रीण माझी शेळी उचलून ठेवत होती.

"हात का मागे?" वडिलांनी विचारलं.

"शेळीवाल्यानं हात लावायचा नसतो."

"कुणी सांगितलं?"

"आत्यानं. नियम आहे."

वडील ओरडणारे नव्हते. तेव्हाही ओरडले नाहीत. कोपऱ्यातलं पोछ्याचं फडकं त्यांनी उचललं, बादलीत भिजवलं आणि खाली बसून आमचा पट पुसला. मग शेजारचा पुसला, मग त्याच्या पलीकडचा. पोरं एकेक करून उठली. चिंचोके ओल्या फरशीवर पसरले. "माझ्या दारात हात बांधून कुणी खेळायचं नाही," ते म्हणाले आणि आत गेले. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती कांडीचे तीन तुकडे मुठीत धरून उभी होती. ते तिनं माझ्या हातात दिले आणि घरी गेली.

आत वडील आत्याशी बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, पोरीला हे कशाला शिकवलंस?"

"काय शिकवलं? खेळ शिकवला."

"कुणाबरोबर खेळायचीस ते मला माहीत आहे. ती हलवायची आणि तू सांगायचीस. का, तेही माहीत आहे."

"मंग माहीत हाय तर इचारतो कशाला, बाबू?"

वडील उठून बाहेर गेले. मला तर एका वाक्याचाही अर्थ लागला नाही. संध्याकाळी मी आईला विचारलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिनं सांगितलं की आत्याच्या लहानपणी आपले लोक अजून बौद्ध झाले नव्हते. गावात आपल्या माणसांचा विटाळ मानायचे. आत्याची एक मैत्रीण होती, शेतकऱ्याच्या घरची. दोघी गुरांकडे जायच्या. गावाबाहेर एका सपाट दगडावर हा पट कोरलेला होता, जुना, कुणी कोरला माहीत नाही. मैत्रीण दगडावर बसायची, आत्या खाली उभी राहायची.

"म्हणजे तो नियम नव्हता?" मी विचारलं.

"तोच तर नियम होता," आई म्हणाली.

मी आणखीच गोंधळले. मला एवढं कळलं की वडिलांना राग आला, आणि तो आमच्या खेळाचा नव्हता. पण मग कुणाचा? आत्याचा? त्या न पाहिलेल्या मैत्रिणीचा? आणि आत्या तर तो खेळ किती आनंदानं खेळायची. चाळीत आम्हाला हात बांधून खेळताना कमीपणा वाटत नव्हता. उलट सगळ्यांना शेळ्याच हव्या असायच्या, कारण न बघता, न हात लावता जिंकण्यात ऐट होती. ज्या गोष्टीत आत्याचा अपमान होता त्याच गोष्टीत आमची ऐट कशी असू शकते, हे माझ्या डोक्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नळावर भेटली तर मान फिरवून गेली. तिची अम्मी एरवी मला हाक मारून वाटीभर काहीतरी द्यायची. ती दार ओढून घ्यायला लागली. मी काय केलं ते मला कळेना. शेवटी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि विचारलं. अम्मी म्हणाली, "बेटा, तेरे बाबा को पसंद नहीं, तो क्यों आना? मेरी लड़की ने तेरे खेल को हाथ लगाया, उन्होंने पानी से धोया. सबने देखा."

मी घरी येऊन जसंच्या तसं वडिलांना सांगितलं. त्यांचा हात शर्टाच्या बटणावर होता, तिथंच राहिला. "मी?" एवढंच म्हणाले. आईकडे पाहिलं, आत्याच्या खाटेकडे पाहिलं. मग तसेच, अर्धी बटणं उघडी, शेजारच्या दारात गेले. मी त्यांच्या मागे.

मैत्रिणीचे अब्बा नुकतेच झोपेतून उठले होते. वडिलांचं हिंदी दवाखान्यातलं होतं, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, असं. त्यात त्यांना हे सगळं सांगायचं होतं. ते म्हणाले, "आपकी बच्ची का कुछ नहीं. वो मेरी बहन का था. मेरी बहन को हात नहीं लगाने देते थे. इसलिए मैंने पुसा." अब्बांना काहीच कळलं नसावं. वडिलांनी पुन्हा सुरुवात केली, गावापासून, दगडापासून. मध्येच ते मराठीत गेले. अब्बा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाईसाब, हमने सोचा आप हमसे परहेज करते हैं."

"मैं?" वडील पुन्हा म्हणाले. "मैं कैसे करूँगा?"

अम्मीनं चहा ठेवला. वडील चहा न घेणारे. ते दोन कप प्यायले.

मैत्रीण पुन्हा यायला लागली. वडिलांनी स्वतः खडूनं पट काढून दिला, कोळशापेक्षा सरळ, पट्टी लावून. अट एकच, ज्याच्या शेळ्या त्यानंच हलवायच्या. आम्ही प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण खेळ जमेना. हात लावायची मुभा मिळाली तशी बोलायची गरज राहिली नाही, आणि नावं घ्यायची सोडली तशी कुठली शेळी कुठं आहे हे आमच्या ध्यानात राहीना. मैत्रीण, जी न बघता जिंकायची, ती पटाकडे डोळे फाडून बघूनही हरायला लागली. "हाथ में लिया तो दिमाग में से जाता है," ती म्हणाली. थोड्याच दिवसांत मुलं लगोरीकडे वळली. आत्याची पट्टी सुटली, जाड चष्मा आला आणि ती गावी गेली. पुढच्या वर्षी अब्बांनी कोन गावात खोली घेतली आणि मैत्रीणही गेली.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणता येणार नाही, पण ते मनात एका बाजूला पडून होतं. नव्वदीत, मी कॉलेजात असताना, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. आत्या मला म्हणाली, चल, तुला एकीकडे न्यायचं हाय. आम्ही गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. ओटीवर आत्याच्याच वयाची एक बाई सुपात वाल घेऊन बसली होती. तिनं आत्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा सगळ्यांना एकसारख्या कपांत आला. हीच ती मैत्रीण, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. चहा झाल्यावर तिनं जमिनीवर खडूनं डोंगर काढला, सुपातले वाल घेतले आणि आत्यानं हात मांडीवर ठेवले.

"आंब्यावर ठेव," आत्या म्हणाली. तिनं आंब्यावर ठेवला.

मी थोडा वेळ पाहत राहिले. मग राहवेना. "आत्या, आता तरी हात का लावत नाहीस? आता तुला कोण अडवतंय?"

मैत्रीणच आधी बोलली. तिचं तोंड उतरलं होतं. "माझी आई होती तशी. तिच्या भ्यानं. हिला दगडाला हात लावू द्यायची नाय. आता काय बोलायचं, पोरी. चूक झाली तवा."

"खोटं बोलते ती," आत्या म्हणाली. "कुणी अडवलं न्हवतं. एकदा मी दगडावर बसून खेळले, आन् दुसऱ्या दिशी हिच्या आईनं दगडावर घागर ओतली. मी आंब्यामागनं बघितलं. त्या दिसापासून मीच हात लावला न्हाय. मीच बोलले हिला, तू हलव, मी सांगते. नियम माझा हाय."

"आईनं दगड धुतला तो शेण पडलं व्हतं म्हणून," मैत्रीण म्हणाली. "तुला किती येळा सांगितलं."

"शेण न्हवतं."

"व्हतं."

"मंग तूच आता बोललीस ना, आईच्या भ्यानं म्हणून?"

मैत्रीण वालाचा एक दाणा बोटात फिरवत राहिली. "तेबी खरं," ती म्हणाली. "दोनी खरं."

मला काय वाटायला हवं होतं ते समजेना. मी आत्याच्या बाजूनं रागवायला तयार होऊन बसले होते, आणि आत्याला माझी बाजू नको होती. मैत्रिणीची कीव करावी तर तीच एका वाक्यात कबूल होत होती आणि दुसऱ्यात नाकारत होती. आणि तेवढ्यात आत्या म्हणाली, "हलव की, तुझी पाळी," आणि दोघी पुन्हा खेळायला लागल्या. साठ वर्षांच्या आसपासच्या दोन बाया, एकमेकींना गुडघे टेकलेले. मी सुनेबरोबर परसात गेले, तिनं मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. परत आले तर डाव मोडला होता आणि दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या.

भिवंडीला परतल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. ते रविवारचे सायकल पुसत बसले होते. ऐकून घेतलं. मला वाटलं आता ते त्या बाईंना बोलतील, किंवा अक्काला.

"मी तिथं होतो," ते म्हणाले. "दगडावर पाणी ओतलं त्या दिवशी. पाच-सहा वर्षांचा असेन. ओला दगड मला दिसतो अजून."

"मग शेण होतं की नव्हतं?"

त्यांनी फडकं झटकलं. "ते नाही आठवत," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं की मला सगळं आठवतं."

मग त्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, मला काहीच कळत नाही. ते मान हलवून म्हणाले, मलाही. आणि सायकलच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मागचं चाक पुसायला लागले.